शाळेत लेकराला त्रास होतोय : आधी काय करायचं आणि मग काय

"मॅडम, मी रात्रीच त्या पोराच्या घरी जाऊन दम देऊन आलो."

शाळा भरायच्या आधी एखादा बाप वऱ्हांड्यात उभा राहून असं सांगतो, तेव्हा त्याच्या रागातली माया मला दिसते आणि पुढचे दोन महिने कसे जाणार तेही दिसतं. शाळेतला प्रकार आता गल्लीत गेलेला असतो. तिथं भावकी असते, ग्रामपंचायतीचं राजकारण असतं, बांधाचं जुनं भांडण असतं. ज्या लेकरासाठी हे सगळं झालं, त्यानं मात्र मनाशी ठरवलेलं असतं : यापुढं घरी काही सांगायचं नाही.

बीड-परभणीकडच्या शाळांत शिकवताना हे मी फार वेळा पाहिलं. काय करायचं हे बहुतेक पालकांना माहीत असतं. चुकतो तो क्रम. शेवटी करायची गोष्ट पहिल्या रात्री होते आणि पहिल्या रात्री करायची गोष्ट राहूनच जाते. म्हणून खालचे टप्पे ज्या क्रमानं दिलेत त्याच क्रमानं घ्या. अपवाद एकच : गंभीर इजा, लैंगिक प्रकार किंवा जीव देण्याची भाषा असेल तर सरळ टप्पा ७ वर जा.

टप्पा १ : भांडण आहे की छळ, ते ओळखा

कबड्डीत धक्का लागला, दोघं एकमेकांच्या अंगावर गेले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एकाच संघात खेळले, तर ते भांडण. त्यात मोठ्यांनी पडू नये. छळाचं तसं नसतं. तो पुन्हा पुन्हा होतो, त्यात एक बाजू कायम वरचढ असते आणि दुसऱ्या बाजूला त्यातून सुटता येत नाही.

वरचढपणा अंगातल्या ताकदीचाच असतो असं नाही. सातवीचं पोर चौथीतल्याचा डबा रोज उघडून खातं, हा वयाचा जोर. सहा मुली मिळून एकीशी बोलणं बंद करतात, हा संख्येचा. आडनावावरून, जातीवरून, स्कॉलरशिपवरून टोमणे मारले जातात, तेव्हा टोमणा मारणाऱ्याच्या मागं सगळा गाव उभा असल्यासारखं वाटतं. खेड्यातून लातूरला किंवा संभाजीनगरला शिकायला गेलेलं लेकरू "कामून", "व्हतं" म्हणालं की वर्ग हसतो आणि ते हळूहळू तोंड उघडायचंच थांबतं. ऊसतोडीवरून आई-बापासोबत मार्च-एप्रिलमध्ये परत आलेली मुलंही अशीच मागच्या बाकावर जातात. अभ्यास मागं पडलेला असतो, वर्गातल्या जोड्या ठरलेल्या असतात आणि "कोयता" हे नाव पडलेलं असतं.

पुष्कळ लेकरं तोंडानं सांगत नाहीत, तेव्हा अंगावरून आणि दप्तरावरून वाचावं लागतं. रविवारी संध्याकाळी पोट दुखतं आणि दिवाळीच्या सुट्टीत एकदाही दुखत नाही. पेन, कंपास, डब्याचे चमचे सारखे हरवतात. रोजचा रस्ता सोडून लांबच्या रस्त्यानं येणं होतं. अंथरूण ओलं करायची सुटलेली सवय पुन्हा लागते. धाकट्या भावंडावर हात उगारला जातो.

सगळ्यांत नजरेआड होणारी खूण म्हणजे लेकरू घरात शिरल्याबरोबर आधी संडास-बाथरूमकडं पळतं. शाळेत दिवसभर ते लघवीला गेलेलं नसतं, कारण त्रास देणारी पोरं तिथंच उभी असतात. म्हणून ते पाणीही पीत नाही. भरून दिलेली पाण्याची बाटली रोज तशीच परत येत असेल तर उन्हाळ्यात काळजी करा आणि हिवाळ्यातही करा.

तपासा : यातली एखादी खूण एकदा दिसली तर लक्ष ठेवा. दोन-तीन खुणा आठ-दहा दिवस दिसत राहिल्या तर पुढच्या टप्प्याला लागा.

टप्पा २ : पहिली संध्याकाळ फक्त ऐकण्याची

सगळं काम इथं बनतं किंवा बिघडतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

समोर बसवून "खरं सांग, कोण मारतं?" असं विचारू नका. ती चौकशी होते. शेंगा फोडताना, भाजी निवडताना, मोटारसायकलवर मागं बसवून नेताना विचारा. डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही तेव्हा लेकरं बोलतात. आजी, काका, शेजारी यांच्यासमोर हा विषय काढू नका. सुरुवात छोट्या, साध्या प्रश्नांनी करा : "मधल्या सुट्टीत आज कुठं बसला होतास?" "खिचडीच्या रांगेत तुझ्या पुढं कोण असतं?" "शाळेत कोणती जागा आवडत नाही?" उत्तर "माहीत नाही" आलं तर तिथंच थांबा आणि उद्या पुन्हा विचारा.

लेकरू बोलायला लागलं की मधे तोडू नका. आपला चेहरा सांभाळा. बापाच्या कपाळावरची शीर ताठ झालेली दिसली की लेकरू तिथंच आवरतं घेतं, कारण पुढं काय होणार याची त्याला भीती असते. ऐकून झाल्यावर तीन गोष्टी सांगायच्या. तू सांगितलंस ते बरं केलंस. यात तुझी चूक नाही. आणि तुला विचारल्याशिवाय मी काही करणार नाही.

मुलीच्या बाबतीत चौथी गोष्ट आहे, आणि ती सगळ्यांच्या आधी सांगायची : "तुझी शाळा बंद होणार नाही." आपल्याकडं मुली त्रास का लपवतात याचं माझ्या मते हेच मोठं कारण आहे. एसटीत, रस्त्यावर, वर्गात कुणी छेडतं हे घरी कळलं की आधी शाळा सुटते आणि मग स्थळं बघायला सुरुवात होते, हे त्यांनी चुलतबहिणींच्या बाबतीत पाहिलेलं असतं. त्रास देणारा शाळेत जात राहतो आणि शिक्षा मुलीला होते. म्हणून हे वाक्य आईनं म्हणावं आणि बापानंही म्हणावं, दोघांनी वेगवेगळं.

आई-बाप कारखान्यावर आणि लेकरू आजीकडं किंवा हंगामी वसतिगृहात असेल तर हे ऐकण्याचं काम फोनवर होत नाही. फोनवर लेकरू "बरं आहे" एवढंच म्हणतं. जवळचा एक मोठा माणूस, मामा, मावशी किंवा थोरली बहीण, या कामासाठी जाण्याआधीच ठरवून ठेवा आणि लेकरालाही सांगून ठेवा.

सावध : ही चार वाक्यं पहिल्या रात्री तोंडातून जाऊ देऊ नका. "तू काय केलं होतंस आधी?" "एवढ्यावरून रडतोस?" "दुर्लक्ष कर." "तू पण हाण त्याला." शेवटचं वाक्य बापाला धीर देतं, लेकराला देत नाही. हाणता आलं असतं तर त्यानं आधीच हाणलं असतं. आता मार खाल्ल्याच्या दुःखावर बापाची निराशा केल्याची लाज चढते. आणि खरंच उलट मारलं, तर शाळेच्या नोंदीत दोघंही सारखेच दोषी ठरतात.

टप्पा ३ : वही घाला

एक साधी चाळीस पानी वही घ्या. रोज रात्री दोन ओळी. तारीख, वार, वेळ, जागा, काय झालं, कुणी पाहिलं, कोणत्या शिक्षकांना सांगितलं. जे शब्द वापरले गेले ते जसेच्या तसे लिहा. "घाण बोलला" असं लिहून उपयोग नाही. जातीवरून बोललं गेलं असेल तर तो शब्दही लिहा, लाजू नका. पुढं त्याच शब्दाला वजन असतं.

नोंद अशी दिसावी : "मंगळवार, मधली सुट्टी, पाण्याच्या टाकीमागं. आठवीतल्या दोघांनी दप्तर हिसकावलं, दहा रुपये घेतले, 'सांगितलं तर चड्डी काढू' म्हणाले. शेजारच्या बाकावरच्या मुलानं पाहिलं. कुणाला सांगितलं नाही."

फाटलेला शर्ट धुऊन शिवू नका, आधी फोटो काढा. अंगावर वळ असेल तर फोटो काढून प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा आणि केसपेपर जपून ठेवा.

तपासा : चार-पाच नोंदी झाल्या की वही उलटून बघा. जागा आणि वेळ बहुतेक त्याच त्याच निघतात. त्याच पुढच्या टप्प्यात उपयोगी पडतात.

टप्पा ४ : उद्याचा दिवस सुरक्षित करा

तक्रार मार्गी लागायला दिवस लागतात आणि लेकराला उद्या सकाळी त्याच वर्गात बसायचं असतं. त्याला कोऱ्या कागदावर शाळेचा नकाशा काढायला सांगा. वर्ग, मैदान, संडास, टाकी, किचनशेड, गेट, एसटीचा थांबा. भीती वाटते तिथं लाल खूण करायची. दहा वर्षांच्या लेकराला जे शब्दात सांगता येत नाही ते या कागदावर पाच मिनिटांत उतरतं.

मग एकेका खुणेचा बंदोबस्त करा. संडासला एकट्यानं जायचं नाही, मित्राला घेऊन किंवा तास चालू असताना बाईंना विचारून जायचं. बसमध्ये मागच्या सीटऐवजी कंडक्टरजवळ उभं राहायचं. गेटवर पहिले दहा दिवस घरचं कुणीतरी थांबायचं, पण मारायला आल्याच्या आवेशात नाही, नुसतं दिसेल असं.

घरी एक वाक्य पाठ करून घ्या : "मला हे आवडत नाही, थांब." मोठ्यानं म्हणायचं आणि लगेच माणसं असतील तिकडं चालायला लागायचं. आरशासमोर नको, बहिणीसमोर म्हणून बघायचं. पंधरा-वीसदा म्हटल्यावर आवाज सुटतो. पैसे किंवा वस्तू हिसकावत असतील तर झोंबायचं नाही, देऊन टाकायचं आणि घरी येऊन वहीत लिहायचं.

एक फरक लेकराला नीट समजावून द्या. कुणाला शिक्षा व्हावी म्हणून सांगितलं तर ती चुगली. कुणाचा त्रास थांबावा म्हणून सांगितलं तर ती मदत मागणं. आमच्या वर्गांत "चुगलखोर" या शब्दाची भीती छडीहून जास्त असते.

टप्पा ५ : वर्गशिक्षकांना भेटा, पण असं

आधी लेकराला सांगा : "मी उद्या तुझ्या बाईंना भेटणार आहे, हे हे बोलणार आहे. चालेल?" तो नको म्हणाला तर का ते विचारा. बहुतेक वेळा कारण एकच निघतं : बाई वर्गात सगळ्यांसमोर नाव घेतील. म्हणजे बाईंकडून आधी कोणता शब्द घ्यायचा ते तुम्हाला कळलं.

परिपाठाच्या वेळी, वर्गाच्या दारात, मुलं बघत असताना बोलू नका. शाळा सुटल्यावर पंधरा मिनिटं मागून घ्या. दोघंच जा, सोबत चार माणसं आणि पुढारी नेला की शिक्षक बचावात जातात. वही आणि नकाशा सोबत असू द्या. "तुमचं लक्ष नसतं" अशी सुरुवात केली तर पंधरा मिनिटं त्यावरच जातात. "तीन आठवड्यांत सहा वेळा, त्यातलं पाच वेळा टाकीमागं" अशी केली तर शिक्षकाला काम करता येतं.

मागणी नेमकी ठेवा. बाकाची जागा बदला. मधल्या सुट्टीत टाकीजवळ कुणाला तरी उभं करा. वर्गात माझ्या मुलाचं नाव घेऊ नका. त्या मुलांशी एकेकट्यानं बोला. पुढच्या शुक्रवारी आपण पुन्हा भेटू.

इथं माझी स्वतःची चूक सांगते, कारण ती आजही अनेक शाळांत होते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी दोघांना वर्गासमोर उभं करून म्हटलं, "चला, हात मिळवा, आता मित्र." वर्गानं टाळ्या वाजवल्या. लहानग्यानं हात पुढं केला तेव्हा तो थरथरत होता, ते मला दिसलं आणि तरी मी थांबले नाही. त्याच दिवशी शाळा सुटल्यावर त्याला ओढ्याच्या कडेला गाठलं, आणि तो दुसऱ्या दिवसापासून आठ दिवस शाळेत आला नाही. भांडणात समेट घडवता येतो, कारण तिथं दोघांचं देणं-घेणं असतं. छळात तसं काही नसतं. तिथं एकाला थांबवायचं असतं आणि दुसऱ्याला जपायचं असतं.

सावध : शिक्षक समेटासाठी दोघांना समोरासमोर आणतो म्हणाले तर नम्रपणे पण ठाम नाही म्हणा. त्रास देणाऱ्याला छडी मारा अशी मागणीही करू नका. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नुसार कोणत्याही बालकाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ करायला बंदी आहे, ती त्या मुलालाही लागू आहे. शिवाय छडी खाल्लेलं पोर तिचा हिशेब कुणाकडून चुकता करतं हे वेगळं सांगायला नको.

तपासा : आठवड्यानंतर शिक्षकांना नाही, आधी लेकराला विचारा आणि वही बघा. नोंदी कमी झाल्या असतील तर याच वाटेनं चालू ठेवा. तशाच असतील किंवा सूड म्हणून वाढल्या असतील तर पुढं.

टप्पा ६ : लेखी अर्ज, आणि पायरी-पायरीनं वर

आता तोंडी पुरे. मुख्याध्यापकांच्या नावानं अर्ज करा. एक पान, जास्त नाही :

"माझा पाल्य इयत्ता पाचवीत शिकत आहे. दि. … ते दि. … या काळात त्यास शाळेच्या आवारात वारंवार मारहाण व धमकी झाली आहे. तारीखवार नोंद सोबत जोडली आहे. वर्गशिक्षकांना दि. … रोजी भेटून कल्पना दिली होती. तरी चौकशी करून केलेली कार्यवाही मला सात दिवसांत लेखी कळवावी, ही विनंती."

दोन प्रती करा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका. "ठेवून जा, बघतो" म्हणाले तर तिथंच बसून राहा. पोच नसलेला अर्ज पुढच्या पायरीवर दिलेला नसल्यासारखाच असतो.

शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालकच असतात. बहुतेकांना आपल्या गावच्या समितीत कोण आहे हेच माहीत नसतं. ते शोधा आणि मासिक बैठकीत विषय घ्यायला लावा. शाळेत तक्रारपेटी आणि सखी सावित्री समिती, म्हणजे मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठीची समिती, असायला हवी, तीही विचारा. तिथंही हललं नाही तर केंद्रप्रमुख, मग पंचायत समितीतले गटशिक्षणाधिकारी, मग जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी. प्रत्येक अर्जाला आधीच्या अर्जाच्या पोचेची झेरॉक्स जोडा. पायरी गाळून सरळ जिल्ह्याला गेलात तर कागद फिरून खालीच येतो आणि पंधरवडा जातो.

वसतिगृह आणि शिकवण्या यांचं वेगळं आहे. लातूर-नांदेडला हजारो मुलं खोल्या करून, होस्टेलवर राहून शिकतात. तिथं महाराष्ट्राचा १९९९ चा रॅगिंग प्रतिबंध कायदा वापरता येतो, कारण त्यात वसतिगृह आणि शिकवणी वर्गही धरलेले आहेत. लेखी तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखानं सात दिवसांत चौकशी करायची असते. अर्जात कायद्याचं नाव आणि वर्ष लिहा, कागद हलतो.

शाळा बदलायची का? हा निर्णय शेवटी घ्या, आणि लेकराला हवं असेल तरच. आठवीपर्यंत दाखला अडवून ठेवता येत नाही आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून नवीन शाळा प्रवेश नाकारू शकत नाही.

टप्पा ७ : इथं थांबायचं नाही

हाड मोडलं, डोक्याला लागलं, हत्यार दाखवलं : आधी दवाखाना, मग ११२ या आपत्कालीन क्रमांकावर फोन किंवा पोलीस ठाणे. शाळा "आपसात मिटवू" म्हणेल, ऐकू नका.

अंगाला नको तिथं हात लावला, कपडे काढायला लावले, तसे फोटो काढले : मुलांना लैंगिक अत्याचारापासून जपणारा २०१२ चा पॉक्सो कायदा लागतो. ज्याला कळलं त्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, शाळेनंसुद्धा. न कळवणं हा गुन्हा आहे. पंचांसमोर, पारावर हा विषय जाऊ देऊ नका. मुलांसाठीचा १०९८ हा क्रमांक चोवीस तास मोफत चालतो. लेकरू स्वतःही लावू शकतं, म्हणून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. जातीवरून अपमान किंवा मारहाण असेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा, मुलांना तिथं वकिलाचा सल्ला मोफत मिळतो.

"मी नसलो तर बरं होईल", "मला जगायचं नाही" असं लेकरू म्हणालं, किंवा आवडीच्या वस्तू वाटून टाकायला लागलं, तर ती धमकी समजू नका. त्या रात्री त्याला एकटं झोपवू नका. आपल्या घरांत फवारणीची औषधं जिन्याखाली, बाजेखाली पडलेली असतात. ती त्याच दिवशी कुलपात जाऊ द्या किंवा दुसऱ्याच्या शेतातल्या आखाड्यावर ठेवा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतसेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं. दुसऱ्या दिवशी जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा.

टप्पा ८ : मोबाइलवरचा त्रास

वर्गाच्या ग्रुपवर फोटो, व्हिडिओ, शिव्या आल्या तर उत्तर द्यायचं नाही आणि डिलीटही करायचं नाही. तारीख आणि नंबर दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, मगच ब्लॉक करा. नग्न फोटो असेल तर पुरावा म्हणूनही कुणाला पुढं पाठवू नका, तो फोन घेऊन थेट पोलिसांकडं जा. लेकराचा मोबाइल शिक्षा म्हणून काढून घेऊ नका, नाहीतर पुढच्या वेळी ते दाखवणार नाही.

टप्पा ९ : थांबल्यानंतरचे तीन महिने

त्रास थांबला की घरात विषय मिटतो. लेकराच्या मनातला मिटायला वेळ लागतो. शाळेबाहेरचा एक तरी गोतावळा त्याला मिळवून द्या : भजनी मंडळात पखवाज, तालीम, खो-खोचा संघ, मामाचं गाव. तिथं त्याचं पडलेलं नाव कुणाला माहीत नसतं. रोज विचारू नका, आठवड्यातून एकदा विचारा. वही मात्र बंद करू नका; एखादा महिना कोरी राहिली तर राहू द्या.

आणि शाळेतून निरोप आला की तुमचंच लेकरू दुसऱ्याला छळतंय, तर पट्टा काढू नका आणि "आमचा तसा नाही"ही म्हणू नका. टप्पा २ तसाच त्याच्यासाठी करा. पुष्कळदा घरात किंवा गल्लीत त्यालाही कुणीतरी मारत असतं. घेतलेले पैसे, फोडलेला कंपास त्याच्या हातून परत द्यायला लावा, शिक्षकांमार्फत, गाजावाजा न करता.

जूनमध्ये वर्ग बदलतो, वर्गशिक्षक बदलतात आणि मागच्या वर्षीचं कुणालाच आठवत नाही. पहिल्याच आठवड्यात नवीन बाईंना किंवा सरांना दहा मिनिटं भेटा. वही आणि नकाशा दाखवा, आणि कोणती दोन मुलं एका बाकावर नको ते सांगून या.